पैसे गेले की राहिले, हे आधी सांगा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

यूपीआय सेवा २०१६ साली सुरू झाली आणि आज भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत सर्वत्र ती वापरली जाते. तिच्या अ‍ॅपमधील मदतीची पाने मात्र बहुधा जाणकारांसाठीच लिहिलेली असतात. कोणते बटण कोठे आहे, हे त्यांत सविस्तर सापडते. पण खात्यातून रक्कम वजा झाली, समोरच्याला ती मिळाली नाही आणि पडद्यावर केवळ ‘पेंडिंग’ दिसत आहे, अशा वेळी काय करावे, हे मात्र शोधत बसावे लागते. मी बँकेतून निवृत्त झालो असल्याने परिसरातील ज्येष्ठ मंडळी अशा प्रसंगी माझ्याकडे येतात. पैसे गेले का, पुन्हा पाठवू का आणि परत कधी मिळतील, एवढेच त्यांना विचारायचे असते.

याबाबतचे नियम अगदी स्पष्ट आहेत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला पैसे देताना रक्कम वजा झाली, पण त्याच्याकडे पुष्टी पोचली नाही, तर हीच मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि त्यासाठी ग्राहकाच्या तक्रारीची वाट पाहणेही अपेक्षित नाही. परिपत्रकातील ‘टी + १’ बँक कर्मचाऱ्याला कळते. ग्राहकाला मात्र ‘सोमवारी पाठवलेले पैसे मंगळवारपर्यंत परत येतील’ असेच सांगायला हवे, आणि तेही ‘पेंडिंग’ ज्या पडद्यावर दिसते त्याच पडद्यावर.

बँकेत तक्रार करताना लागणारा १२ अंकी संदर्भ क्रमांक कोठे पाहायचा, हेही तेथेच असावे. त्याहून महत्त्वाची सूचना पिनची आहे. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही, हे वाक्य अटी-शर्तींच्या गर्दीत टाकून उपयोग नाही; फसवणूक होते ती पिन टाकण्याच्या क्षणी, म्हणून ते तेव्हाच आणि ठळक दिसले पाहिजे.

मदतीचा मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी तो अ‍ॅप बनवणाऱ्यांपैकी नसलेल्या, शक्यतो वयस्कर व्यक्तीच्या हाती द्यावा आणि कोणीही शेजारून न सांगता तिला त्यातून उत्तर सापडते का, हे पाहावे. ती जेथे अडेल, तेथे चूक तिची नसून मजकुराची आहे, असे समजून तो पुन्हा लिहावा. मराठी मजकुराचीही अशीच स्वतंत्र चाचणी व्हावी, कारण इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेल्या सूचना वाचून अनेक जण पुन्हा इंग्रजीकडेच वळतात.

यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने अडकलेल्या व्यवहारांविषयीचा असा मजकूर मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत एकदाच तयार करावा आणि तो प्रत्येक अ‍ॅपला बंधनकारक करावा, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली