लॅबमधल्या अक्कांना

अक्का,

खानापूरहून आलेली, बाटली हातात धरून दारातच घुटमळणारी ती बाई मी. तुम्हाला आठवत नसेल. मला मात्र तुमचं तोडकं मराठी शब्दन् शब्द आठवतं.

चार दिवस लघवीला जळजळत होतं, दर पंधरा मिनिटांनी जावंसं वाटे आणि चार थेंब पडत. घरी सगळ्यांचं एकच, उन्हाळी लागली. सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं, शेजारणीच्या उरलेल्या दोन गोळ्याही मी गिळल्या. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही कपाळाला हात लावलात! जंतू मारायच्या गोळ्या घेतल्यावर कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ते दिसत नाहीत कधी कधी, तपासणी आधी करायची असते, हे मला कुठं ठाऊक?

"पहिलं सोड, मधलं बाटलीत धर, झाकणाच्या आत बोट नको," म्हणालात. मग स्वतःचा अंगठा दाखवलात: बाईची मूत्रवाट एवढीच, चारेक सेंटिमीटर, पुरुषाची वीसेक. शौचाच्या जागेचे ई. कोलाय जंतू पुढं सरकले की मूत्राशय जवळच. म्हणून धुताना, पुसताना पुढून मागं. नवऱ्याजवळ गेल्यावर लघवीला जाऊन यायचं, हेही तुम्ही आवाज न उतरवता सांगितलंत. मीच लाजले.

पण खरी चूक तुम्ही एका प्रश्नात पकडलीत, "दिवसात पाणी किती?" बेळगावात शहापूरच्या साडीच्या दुकानात आम्हा बायकांना जायला जागा नाही. म्हणून सकाळच्या बसपासून संध्याकाळपर्यंत घोटभरच. मालकाला सांगायची हिंमत तेव्हा नव्हती. नंतर आम्ही चौघींनी मिळून सांगितलं. मागच्या गोदामाची किल्ली आता गल्ल्यावर असते, आणि माझी लिटरची बाटली जेवणाआधीच संपते.

तिसऱ्या दिवशी कल्चरचा रिपोर्ट आला, डॉक्टरांनी गोळी बदलली. दोन दिवसांत बरं वाटलं, तरी पाकीट संपवलं. थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठ दुखली तर मूत्रपिंडाकडं गेलं समज, रात्र काढू नकोस, हे तुमचं वाक्य मी जावेच्या गरोदर सुनेलाही सांगितलंय. तिला मात्र जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यायला लावली.

कुंदा आणणार होते. पण तुम्हालाच साखर आहे म्हणालात, म्हणून घरच्या भाताचे पोहे खिडकीत ठेवलेत. निळी पिशवी. पिशवी परत नको.

तुमची,
खानापूरची बाटलीवाली