सहा की दहा? आमच्या स्पीकरवाल्या मामांना पत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही “आभार कसले, पैसे घेतलेत की” म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, टाइम ऑफिसला आहे. आलेल्या गाड्या काट्यावर बोलावायच्या, कुणाचा घरून फोन आला तर हाक मारायची, शिफ्टच्या सूचना द्यायच्या, हे सगळं माइकवरून माझ्याच आवाजात चालतं. मागच्या वर्षी नवी सिस्टीम बसली: 14 हॉर्न, 250 वॅटचा ॲम्प्लिफायर आणि 6 ठिकाणी इंटरकॉमचे हँडसेट. बसवणाऱ्यांनी टेस्टिंग केलं ते सोमवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी. बंद शेडमध्ये माझा आवाज असा खणखणला की मालकांनी पेढे मागवले. मंगळवारी नॉकआउट (साचा फोडून आतलं ओतीव काढायचं यंत्र) आणि ग्राइंडर सुरू झाले आणि माझं एक अक्षरही कुणाला कळेना. “बाई कायतर बोलली बघ,” एवढंच. एकदा मी सहा नंबरच्या दाराला बोलावलेली गाडी दहा नंबरला जाऊन उभी राहिली. त्या वेळी सगळे हसले. पण तिथून क्रेनवरून वितळलेल्या लोखंडाचा लॅडल, म्हणजे मोठी बादली, जातो, हे आठवून मला रात्री झोप लागली नाही.

मग तुम्ही आलात. अर्ध्या दिवसाचं काम म्हणून आलात आणि तीन दिवस राहिलात.

आल्या आल्या सगळ्यांनी एकच गाऱ्हाणं घातलं, आवाज वाढवा. तुम्ही म्हणालात, “मिरवणुकीत डॉल्बी लावायचाय का?” आणि ॲम्प्लिफायरला हातही न लावता मीटर घेऊन शेडमध्ये फिरायला लागलात. सगळी मशीनं चालू असतानाच. नॉकआउटजवळ मुळातच 98 डेसिबल होते आणि माझा आवाज तिथं पोचेपर्यंत 94. “चार उणे आहेत, कळणार कसं? गोंगाटाच्या वर दहा तरी पाहिजेत,” असं म्हणून तुम्ही वहीत लिहून घेतलं.

खरं दुखणं निघालं लाइनवर, म्हणजे ॲम्प्लिफायरपासून हॉर्नपर्यंतच्या तारेवर. आमच्या इलेक्ट्रिशियननं मल्टिमीटर लावून “लाइन शॉर्ट आहे” म्हणून सांगितलं होतं. तुम्ही त्याला न हिणवता समजावलंत की मल्टिमीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो, इथं इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या एसी सिग्नलला होणारा अडथळा, मोजणारा मीटर लागतो, आणि अडथळा जितका कमी तितकं ॲम्प्लिफायरवर ओझं जास्त. 100 व्होल्टच्या लाइनवर 250 वॅटच्या ॲम्प्लिफायरला लोड 40 ओहमच्या खाली जाऊन चालत नाही, आमचा भरला 24. कारण चौदाच्या चौदा हॉर्न 30 वॅटच्या टॅपवर (हॉर्ननं किती वॅट घ्यायचे ते ठरवणाऱ्या जोडणीवर) ठेवलेले, म्हणजे 420 वॅटचं ओझं. तरीच तो बिचारा दुपारपर्यंत तापून बंद पडायचा आणि आम्ही त्याला पंखा लावायचो! तुम्ही शिडीवर चढून एकेक टॅप बदललात. स्टोअरमध्ये साडेसात वॅट, मोल्डिंगला पंधरा, पुरे झालं.

नॉकआउटचा हॉर्न तुम्ही खांबावरून काढून निम्म्या अंतरावर आणलात. अंतर निम्मं केलं की 6 डेसिबल मिळतात, तेवढेच वॅट वाढवून मिळवायचे तर चौपट वॅट लागतात, हे तुमचं गणित मी टाइम ऑफिसच्या भिंतीवर लिहून ठेवलंय. तरी तिथं पूर्ण दहा काही मिळेनात. आणखी वाढवाल तर माणसांचे कान जातील, असं मालकांना तोंडावर सांगून तुम्ही फिरता पिवळा दिवा बसवायला लावलात. दिवा फिरला की माणूस दोन पावलं बाहेर येऊन ऐकतो.

लांब शेडमध्ये दोन टोकांचे हॉर्न एकमेकांकडे तोंड करून होते. 60 मीटरवरून आवाज यायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागतो, म्हणून प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायचा, दुसरा पहिल्यावर चढून. तुम्ही सगळे हॉर्न एकाच दिशेला वळवलेत. सकाळच्या आरतीसाठी कुणीतरी बेस फुल करून ठेवला होता, तो उतरवलात. आरती आता जरा पत्र्यासारखी वाजते. अंबाबाई समजून घेईल.

फर्नेसच्या हँडसेटचं तर मला कधी सुचलंच नसतं. तिथले आमचे दादा एरवी अख्ख्या शेडला ऐकू जाईल असं बोलतात, हँडसेटवर मात्र पुटपुटायचे. तुम्ही कानाला लावून बघितलात आणि हसलात. साइडटोन, म्हणजे बोलणाऱ्याला हँडसेटमध्ये परत ऐकू येणारा स्वतःचा आवाज, इतका चढवलेला होता की त्यांना आपण ओरडतोय असंच वाटायचं, म्हणून ते आपोआप हळू बोलायचे. स्क्रू ड्रायव्हरचा पाव फेरा, बस्स.

पण मला सगळ्यात आवडला तो तिसरा दिवस. तुम्ही मला माइकवर आकडे वाचायला बसवलंत आणि शेडमध्ये दहा जणांच्या हातात कागद दिलेत, जे ऐकू येईल ते लिहा म्हणून. त्रेपन्नचं त्रेसष्ट झालं, एकोणसाठचं एकोणसत्तर. ‘सहा’ सात जणांनी ‘दहा’ लिहिलं. हॉर्न नीट होते, आकडेच एका यमकातले! तेव्हापासून मी त्रेपन्न म्हणत नाही, “पाच, तीन” म्हणते. दहाला “एक, शून्य”. प्रत्येक गोष्ट दोनदा. माइक तोंडापासून चार बोटं लांब, आणि ओरडायचं नाही.

ॲम्प्लिफायरच्या बटणांवर तुम्ही लाल नेलपॉलिशनं केलेल्या खुणा तशाच आहेत. (बाटली माझी होती, परत मिळाली नाही, असू दे.) मधे कुणीतरी मास्टर व्हॉल्यूम फिरवला होता, खूण बघून दोन मिनिटांत जागेवर आणला.

काल मी गाडी बोलावली आणि लगेच फर्नेसवरून इंटरकॉम वाजला. म्हटलं, आता काय बिघडलं? तर दादा विचारत होते, “ताई, घसा बसलाय व्हय? गरम पाणी घ्या की.”

तुमची,
टाइम ऑफिसवाली