डेंग्यू म्हणजे फक्त प्लेटलेट नाही

संपादक महोदय, नमस्कार.

डेंग्यूची बातमी आली की प्लेटलेट किती हजारांवर आल्या तेवढंच छापून येतं, मग घरचेपण रोज तोच आकडा विचारत बसतात. पण गंभीर डेंग्यूत पेशंट शॉकमध्ये जातो (शरीराला पुरेसं रक्त पोचत नाही) तो बहुतेक वेळा रक्तवाहिनीच्या अस्तरातून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, बाहेर झिरपल्यामुळे, आणि हे कुणी नीट सांगतच नाही.

हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. शेजारच्या पेशींना धरून ठेवतं ते व्हीई-कॅडहेरिन नावाचं प्रोटीन, पण ही पकड कायमची घट्ट नसते, निरोप येईल तशी बदलते. हिस्टामीन (अ‍ॅलर्जीत सुटणारं रसायन) किंवा थ्रोम्बिन (रक्त गोठवणारं एन्झाइम) आलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, ऱ्हो-ए हा पेशीतला प्रोटीनचा स्विच चालू होतो, अ‍ॅक्टिन-मायोसिन या प्रोटीनचे दोर आवळले जातात, पेशी आखडते आणि सांध्यात फट पडते (साध्या अ‍ॅलर्जीत सूज येते ती अशीच). रॅक-1 आणि रॅप-1 हे दुसरे स्विच नेमकं उलटं करतात, सांधे घट्ट करतात. अँजिओपोएटिन-1 हे प्रोटीन अस्तराच्या पेशींवरच्या टाय-2 रिसेप्टरवर (निरोप घेणाऱ्या जागेवर) बसून अस्तर शांत ठेवतं, सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडू लागतात तेव्हा) मात्र अँजिओपोएटिन-2 वाढतं आणि त्याच्या कामात खोडा घालतं. व्हीईजीएफ आज नवीन रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन म्हणून माहितीय, पण 1983 साली ते सापडलं ते वाहिन्या गळक्या करणारं म्हणूनच, आणि डायबेटिसमध्ये डोळ्याच्या पडद्याला सूज येते तेव्हा देतात ती इंजेक्शनं यालाच अडवतात.

आता डेंग्यूकडे या. पहिल्या दिवसांत आपण जी एनएस-1 टेस्ट करतो ना, ते एनएस-1 विषाणूचंच प्रोटीन, आणि तेच अस्तरावरचा साखरेचा संरक्षक थर उखडतं, पेशींची पकडही सैल करतं! गळती वाढते ती साधारण ताप उतरायच्या सुमाराला, म्हणजे सगळे निर्धास्त होतात तेव्हाच, आणि तिथून पुढचे 24 ते 48 तास सगळ्यात धोक्याचे. प्लाझ्मा गेल्यामुळे रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतं, म्हणून डॉक्टर ते पुन्हापुन्हा तपासतात.

माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या वेळी प्लेटलेटच्या आकड्याशेजारी हिमॅटोक्रिटबद्दलही दोन ओळी छापा, आणि ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप मलूलपणा किंवा अस्वस्थता दिसली तर लगेच हॉस्पिटल गाठा, हे ठळक अक्षरात द्या.

आपली एक वाचक