विहिरीवरचं इंजिन भंगारात घालण्याआधी

संपादक महोदय,

खानदेशात विहिरींवरची मिनिटाला ६५० फेऱ्यांची, लिस्टर या इंग्लिश कंपनीच्या धर्तीवरची जुनी डिझेल इंजिनं ‘स्पेअर मिळत नाही’ म्हणून किलोवर विकली जातात, याचं फार वाईट वाटतं. आधी बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली गोलाई, किती झिजली ते तपासा. पिस्टनची सुटी रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून, वर आणि खाली अशा दोन जागी रिंगच्या तोंडाची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा, फरकाला ३.१४ ने भागा. वर ०.९, खाली ०.५ मिमी असेल, तर झीज सुमारे ०.१३ मिमी. एवढ्यासाठी इंजिन विकायचं?

राजकोटला सुटे भाग अजून बनतात. पण या इंजिनाच्या नकला अनेक, म्हणून नुसत्या नावावर भाग मागवू नका. माप जुळवायला जुना पिस्टन सोबत न्या. हेड गॅस्केटची, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधल्या पत्र्याचीही जाडी मोजा. जाड बसलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) पडतं, आणि रब्बीच्या थंडीत इंजिन चालू करायला हँडल मारून हात भरून येतात.

– एक इंजिन मिस्त्री, चोपडा