चुकीची पाटी

संपादक महोदय,

कालच्या अंकातला ऑटिझमच्या ‘पळवाटे’वरचा लेख वाचला. विषयाला हात घातलात, आभार. लेखकमहाशयांच्या मते हल्ली पोराने गुन्हा केला की आईबाप डॉक्टरचा कागद आणतात आणि शिक्षा कमी करून घेतात. कागद इतका सहज मिळत असता, तर माझ्या बहिणीने त्यासाठी दीड वर्ष खेपा घातल्या नसत्या.

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. यंदा चवथीच्या आधी म्हापशाच्या बसस्थानकावर त्याने एका खासगी बसच्या काचेमागची पाटी काढून घेतली. बस साखळीला निघालेली आणि पाटी शिवोलीची. चुकीची पाटी त्याला सोसवत नाही. कंडक्टरने बखोट धरले, हा किंचाळला, झटापटीत कंडक्टरचे कोपर फुटले. मी चौकीत पोचलो तेव्हा स्वारी बाकावर बसून पंख्याकडे बघत हसत होती. घाबरला की तो हसतो, लहानपणापासून. हवालदार म्हणाला, “मारता आनी वयर हांसता, पळय!” बहिणीने पर्समधले लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र पुढे केले, ते त्याने उलटे धरून पाहिले. शेवटी कंडक्टरच “सोडून दी, भुरगो तो” म्हणाला म्हणून निभावले.

उद्या असाच एखादा मुलगा मोठ्या प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर उभा राहिला तर? नजर भिडवत नाही, माफी मागत नाही, वर हसतो. झाला कोडगा! डॉक्टरांचे निदान कामी येते ते इथे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असला, की त्याची मानसिक कुवत आणि परिणामांची समज आधी तपासतात. खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, हे त्यावर ठरते. नाही तर जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बजावले आहे. आणि लेखकमहाशयांना विलायतेचे एवढे कौतुक आहे म्हणून सांगतो, इंग्लंडच्या न्यायाधीशांसाठी ऑक्टोबर २०२० पासून मार्गदर्शक सूचना आहेत. ऑटिझमचा विचार कराच, पण निदान आहे म्हणून शिक्षेत फरक पडेलच असे नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. कसली पळवाट?

जाता जाता, लेखाखालच्या चौकटीत त्या अल्पवयीन मुलाचे नाव तुम्ही छापले नाही, फक्त वाडा, वडिलांचा धंदा आणि देवळामागचे घर एवढेच छापलेत. त्याच बाल न्याय कायद्याचे कलम ७४ कार्यालयात कुणीतरी मोठ्याने वाचावे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

माझेही नाव छापू नये. वाडा तर नकोच.

– एक मामा, डिचोली