राबव त्याला!

महोदय,

रविवारी टीव्हीवर ‘बचना ऐ हसीनों’ (२००८) पुन्हा लागला होता. मुलींना नादी लावून पसार होणारा राज सिडनीत टॅक्सी चालवणाऱ्या गायत्रीपुढे पार गार पडतो. ती लग्नाला सरळ नकार देते, तेव्हा कुठे त्याला आधी फसवलेल्या माही आणि राधिकाची आठवण होते! सिनेमा खरा रंगतो तो पुढे. माफी मागायला आलेल्या राजला राधिका चक्क नोकरासारखं राबवते. शेंगा सोलता सोलता आमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘अजून राबीव की गं त्याला!’ शेवट मात्र पटत नाही. इतकी स्वतंत्र बाण्याची गायत्री, तिने होकार दिलाच पाहिजे होता का? लेखकाने राजला रस्त्यावर सोडून तिची टॅक्सी पुढे काढली असती, तर जास्त मजा आली असती.

– एक वाचक, जुळे सोलापूर