देवनागरी जुळणीचा स्वतंत्र पेपर हवा

मा. संपादक,

ग्राफिक डिझाइनच्या पदवीला अक्षरजुळणी शिकवतात ती मुख्यतः रोमन लिपीची. मग इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी पोस्टर करताना पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे सरकते, जोडाक्षरे फुटतात. कारण परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी त्यातली सोय) निवडलेला नसतो. इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते. १२ पॉइंटच्या इंग्रजी मजकुराला १४ पॉइंटची ओळ (एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचे अंतर) पुरते. मराठीत मात्रा आणि उकार एकमेकांना भिडतात, १८ तरी द्यावी. फॉन्टमध्ये सोय असूनही भाषा ‘मराठी’ न निवडल्यास ‘ल’, ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. विंडोजमधल्या ‘मंगल’ या देवनागरी फॉन्टचे रचनाकार र. कृ. जोशी आयआयटी मुंबईत शिकवत. त्याच महाराष्ट्रात देवनागरी जुळणीचे शिक्षण ऐच्छिक का असावे? विद्यापीठांनी पहिल्या वर्षी बोरूने सुलेखन आणि दुसऱ्या वर्षी देवनागरी जुळणीचा पेपर सक्तीचा करावा.

– उपयोजित कलेचे काही अध्यापक, पुणे